गाडीचा ॲम्प्लिफायर बंद, आवाजात शिट्टी, फ्यूज उडतोय? वायरिंगचा दोष शोधायची पद्धत आणि त्यातला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मीटर हातात धरून जे पाहिलं, ते सगळं इथे आकड्यांसकट लिहून देतोय. डिकीत वाकून काम करताना व्हिडिओ मागे-पुढे करत बसता येत नाही. म्हणून हा धडा मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि गाडी समोर आली की एकेक पायरी वाचत पुढे जा.

हे काम शिकायचंच कशाला?

विरार पश्चिमेचा आपला पट्टा डोळ्यासमोर आणा. नंदाखाल, आगाशी, बोळींज, अर्नाळा. केळीच्या, फुलांच्या वाड्या आहेतच, पण आता अंगणात गाडीही उभी असते. कोणाची स्वतःच्या वापराची वॅगन-आर, कोणाची लग्नाच्या भाड्याला जाणारी अर्टिगा, कोणाची माल आणि माणसं दोन्ही नेणारी ईको. गाडी आली की सिस्टीम येते. डेक, बेसट्यूब आणि ॲम्प्लिफायर ऑनलाइन मागवला जातो, ओळखीतला कोणीतरी एका दुपारी बसवून देतो. पहिले काही महिने मजा. मग पावसाळा येतो आणि तक्रारी सुरू होतात.

इथे तुमची संधी आहे. नवीन सिस्टीम बसवण्यात तुमची स्पर्धा ऑनलाइन किमतीशी आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या मोठ्या दुकानांशी. तिथे तुम्ही भावात हरणार. पण दुसऱ्याने केलेल्या फिटिंगमधला दोष नेमका शोधून देणारा माणूस गावात असेल, तर त्याला कोणी आधी किंमत विचारत नाही. आधी विचारतात, "दादा, आज होईल का?"

आणि जबाबदारीही मोठी आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी ॲम्प्लिफायरची प्लस वायर ही गाडीतल्या सगळ्यात धोकादायक वायरींपैकी एक. ती फ्यूजशिवाय बॉडीला घासली, तर बॅटरी त्या एका जागी काही शे अँपिअर करंट ओतते. वायरचं आवरण वितळतं, शेजारचं कार्पेट पेटतं. आत माणसं बसलेली असतात. त्यामुळे "चालतंय ना, मग झालं" हे वाक्य या धंद्यात चालत नाही.

आधी पाच वायरी ओळखा

कुठलाही ॲम्प्लिफायर घ्या, त्याला पाच प्रकारच्या जोडण्या असतात.

१. प्लस वायर. ॲम्प्लिफायरवर "बॅट" किंवा "बी प्लस" लिहिलेलं असतं. थेट बॅटरीवरून, मध्ये मेन फ्यूज घेऊन येते.

२. अर्थिंगची वायर. "जीएनडी" लिहिलेलं असतं. गाडीच्या बॉडीच्या उघड्या पत्र्याला जोडलेली.

३. रिमोट वायर. "रेम" लिहिलेलं असतं. डेक चालू झाला की यावर १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायर जागा होतो. बहुतेक बाहेरच्या डेकमध्ये ही निळी-पांढरी असते.

४. आरसीएची पिन. डेकपासून गाण्याचा बारीक सिग्नल आणते.

५. स्पीकरच्या वायरी. मोठा झालेला सिग्नल स्पीकरला आणि बेसट्यूबला नेतात.

डेकमागच्या रंगांचाही एक सर्वसाधारण संकेत आहे. पिवळी म्हणजे कायम प्लस, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा प्लस, काळी म्हणजे अर्थिंग. पांढरी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर तो त्या स्पीकरचा मायनस. पण हा संकेत बाहेरून घेतलेल्या डेकचा. गाडी कंपनीच्या मूळ वायरिंगचे रंग प्रत्येक कंपनीत वेगळे असतात, आणि आधीच्या फिटरने मध्येच कुठली वायर जोडली असेल ते देवच जाणे. रंग बघून अंदाज करा, पण खात्री मीटरनेच करा.

हत्यारं किती लागतात?

फार नाही. एक चांगला डिजिटल मल्टिमीटर. सहा-सात मीटर लांब बारीक वायर, दोन्ही टोकांना मगरी क्लिप लावलेली, म्हणजे बॅटरीपासून डिकीपर्यंत मीटरची एक पिन लांबवता येते. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरींसह. लग दाबायचा क्रिम्पिंगचा पक्कड, सॅंडपेपर, स्लीव्ह, वेगवेगळ्या अँपिअरचे फ्यूज. आणि मोबाइलमध्ये ५० हर्ट्झचा टेस्ट टोन. गाण्यात बेस वर-खाली होतो, मीटरचा आकडा नाचत राहतो. टोन एकसारखा वाजतो, म्हणून आकडाही स्थिर मिळतो.

तो २१ वॅटचा बल्ब स्वस्त आहे म्हणून हलका समजू नका. वायरची दहापैकी नऊ तारा तुटून एकच उरली असेल, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो. खूप कमजोर जोडणी असेल, तर बल्ब लगेच मंद पेटून ती उघडी पाडतो.

हात लावण्याआधी तीन प्रश्न

ग्राहक गाडीतून उतरला की लगेच डिकी उघडू नका. विचारा:

"दादा, हे कधीपासून होतंय?"
"त्याच्या आधी गाडीत काय काम झालं? बॅटरी बदलली, सीटकव्हर टाकलं, वॉशिंग केलं?"
"इंजिन बंद असताना होतं की चालू असताना? हळू आवाजात की मोठ्या?"

सीटकव्हर लावताना सीटखालची वायर दबते. बॅटरी बदलताना ॲम्प्लिफायरची वायर सैल राहते. वॉशिंगमध्ये कार्पेटखाली पाणी जातं. पाच मिनिटांच्या बोलण्यात तुमचा अर्धा तास वाचतो. उत्तरं जॉब कार्डवर लिहा, ग्राहकाच्याच शब्दांत.

सुरक्षेचे नियम, पाठच करा

वायर जोडताना, कापताना बॅटरीचा मायनस आधी काढा. मोजताना तो परत लावा. पिवळ्या आवरणाच्या, पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरची पिनसुद्धा लावू नका. सीटखाली किंवा डिकीच्या तळाला स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा, कारण बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर. डिकीत सिलिंडर असेल तर त्याच्या पाइपजवळ ड्रिल नाही, आणि सिलिंडरच्या पट्ट्याला अर्थिंग तर मुळीच नाही. गॅसचा वास आला तर काम तिथेच थांबवा, दारं उघडा, कुठलंही बटण दाबू नका.

आता एकेक तक्रार घेऊ.

तक्रार १: ॲम्प्लिफायर चालूच होत नाही

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगच्या स्क्रूवर, लाल पिन प्लसच्या स्क्रूवर. इंजिन बंद असताना बॅटरीएवढे, म्हणजे साधारण १२.२ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत.

शून्य आलं तर लाल पिन तिथेच ठेवा आणि काळी पिन बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावा. आता व्होल्टेज आलं, म्हणजे प्लस ठीक आहे, अर्थिंग तुटलंय. तरीही शून्य, म्हणजे प्लसची वायर किंवा मेन फ्यूज. फ्यूज नुसता डोळ्याने बघू नका. काचेच्या जाड फ्यूजमध्ये आतली पट्टी शाबूत दिसते, पण टोपीजवळ ती सुटलेली असते. फ्यूजच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजा. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर फ्यूज गेलेला आहे.

प्लस आणि अर्थिंग ठीक असेल तर लाल पिन रिमोटवर न्या. डेक चालू असताना इथे सुमारे १२ व्होल्ट हवेत. नसतील तर एक अँपिअरचा फ्यूज लावलेली छोटी वायर घेऊन क्षणभर प्लसवरून रिमोटला द्या. ॲम्प्लिफायर चालू झाला, म्हणजे तो ठणठणीत आहे. दोष रिमोटच्या वायरीत. ही तपासणी केवळ क्षणभराची. ती वायर तशीच ठेवून गाडी देऊ नका, का ते तक्रार ६ मध्ये कळेल.

एक नेहमीची गंमत: "रेडिओ लावला की वाजतं, पेन ड्राइव्ह लावला की बंद." अशा वेळी रिमोट वायर डेकच्या अँटेनाच्या निळ्या वायरीला जोडलेली आहे का ते बघा. काही डेकमध्ये ती फक्त रेडिओवर असतानाच प्लस देते. निळ्या-पांढऱ्या वायरीला जोडली की प्रश्न मिटतो.

तक्रार २: प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो

ॲम्प्लिफायर सांगतोय, "मला काहीतरी त्रास होतोय, म्हणून मी थांबलो." कसला त्रास, ते शोधायचंय.

आरसीए आणि सगळ्या स्पीकरच्या वायरी काढा. फक्त प्लस, अर्थिंग आणि रिमोट ठेवा. तरीही लाल दिवा, आणि व्होल्टेज बरोबर, तर ॲम्प्लिफायर आतून खराब आहे. तो बोर्डावर काम करणाऱ्याकडे पाठवा. दिवा गेला, तर एकेक स्पीकर लावत जा. जो लावल्यावर दिवा परत येतो, तोच चोर.

त्या स्पीकरच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. चार ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. मग प्रत्येक वायर आणि बॉडीमध्ये मोजा. इथे काहीच आकडा यायला नको. आला, म्हणजे वायर कुठेतरी पत्र्याला टेकलेली आहे. पहिली शंका दरवाजाच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीवर घ्या, दुसरी सीटच्या रुळावर.

बेसट्यूब दोन असतील तर जोडणी बघा. चार ओहमच्या दोन ट्यूब समांतर जोडल्या की दोन ओहम होतात. आणि ॲम्प्लिफायर ब्रिज केलेला असेल तर प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्मा, म्हणजे एकच ओहम भार दिसतो. बरेच साधे ॲम्प्लिफायर ब्रिजमध्ये किमान चार ओहम मागतात. पुस्तिकेतला आकडा बघा. कमी भरत असेल तर जोडणी बदला.

तक्रार ३: इंजिनाबरोबर वाढणारी शिट्टी

आधी कान द्या. एकसारखा "स्स्स" आवाज असेल, इंजिनाचा वेग वाढवला तरी बदलत नसेल, तर बहुतेक वेळा गेन जास्त ठेवलेला असतो. गेन कमी करा, डेकचा आवाज वाढवा. पण ॲक्सिलरेटरबरोबर शिट्टी चढत-उतरत असेल, तर तो अल्टरनेटरचा आवाज आहे, म्हणजे वायरिंगमध्ये शिरलेला.

ॲम्प्लिफायर बंद करा, आरसीए काढा, परत चालू करा. शिट्टी तरीही आहे? मग दोष ॲम्प्लिफायरच्या प्लस-अर्थिंगच्या बाजूला. शिट्टी गेली? मग आरसीएला मोबाइल लावून बघा, चार्जरशिवाय. शांत वाजलं तर दोष डेककडे: डेकचं अर्थिंग कच्चं, किंवा आरसीएची वायर प्लसच्या जाड वायरीला चिकटून नेलेली. दोन्ही वायरी गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्या. नाइलाजाने एकमेकींना ओलांडायच्या झाल्या तर काटकोनात ओलांडा.

डेकच्या आरसीएचं बाहेरचं कडं आणि डेकची बॉडी यांमध्ये कंटिन्युइटीही तपासा. चालू सिस्टीममध्ये आरसीए काढ-घाल केली की काही डेकमध्ये आतला त्या बाजूचा बारीक फ्यूज उडतो आणि शिट्टी सुरू होते. म्हणून वर "बंद करा" म्हटलंय.

बाजारात शिट्टी घालवणारा आयसोलेटर मिळतो. तो लावून ग्राहकाला परत पाठवणं सोपं आहे. पण तो दोष झाकतो, आणि स्वस्तातला असेल तर बेसही खातो. शेवटचा उपाय म्हणूनच वापरा.

तक्रार ४: आवाज वाढवला की ॲम्प्लिफायर बंद पडतो, दिवे मंद होतात

इथे धंदा जिंकायचा की हरायचा ते ठरतं. कारण बहुतेक जण इथे "बॅटरी बदला" किंवा "ॲम्प्लिफायर गेला" असं सांगून मोकळे होतात.

हिशेब समजून घ्या. खरा ४०० वॅटचा, साधारण ६० टक्के कार्यक्षमतेचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात १३.८ व्होल्टवर जवळपास ४८ अँपिअर खेचतो. ओहमचा नियम सांगतो की करंट गुणिले रोध म्हणजे पडणारं व्होल्टेज. पाच मीटर लांब, साधारण ८ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या वायरीत ४८ अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट पडतो. २१ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.२ व्होल्ट. आणि ऑनलाइन किटमधली वायर पुष्कळदा आतून ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा अशी असते. तिच्यात दीडपटीच्या आसपास जास्त पडतो. टोक खरवडून बघा, आत पांढरट चमक दिसली की समजा.

आता अर्थिंग. "मीटरवर ओहम मोजला, अर्धा ओहम आला, म्हणजे चांगलं आहे," असं सांगणारे भेटतील. गणित करून बघा. अगदी ०.०५ ओहम जरी असला तरी ४० अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच मरतात. साधा मीटर ०.०५ ओहम ओळखूच शकत नाही, त्याच्या पिनांचाच रोध त्याहून जास्त असतो. म्हणून अर्थिंग ओहममध्ये मोजायचं नाही, चालू भारावर व्होल्टमध्ये मोजायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा, शुक्रवारी संध्याकाळी तुमच्याकडे अर्टिगा आली. रविवारी नंदाखालच्या चर्चमधलं लग्नाचं भाडं आहे, आणि नवरा-नवरीला गाडीत गाणी हवीत. मालक म्हणतो, "बेस वाढवला की बंद पडतं. एकाने नवीन बॅटरी सांगितली." इंजिन चालू करा, टेस्ट टोन लावा, आवाज तक्रार होते त्याच्या थोडा खाली ठेवा. आणि मोजा:

बॅटरीवर: १४.१ व्होल्ट.
ॲम्प्लिफायरच्या दोन स्क्रूंवर: १२.० व्होल्ट.
म्हणजे वाटेत २.१ व्होल्ट गेले. कुठे?
बॅटरीचा प्लस ते ॲम्प्लिफायरचा प्लस: ०.४ व्होल्ट.
बॅटरीचा मायनस ते ॲम्प्लिफायरचं अर्थिंग: १.७ व्होल्ट.

०.४ आणि १.७ मिळून २.१. हिशेब जुळला, चोर सापडला. बॅटरी निर्दोष आहे, ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. अर्थिंगचा लग उघडून बघता, तर तो सीटच्या रंगवलेल्या ब्रॅकेटवर कसलेला आणि खाली हिरवट गंज. बॉडीचा पत्रा सापडेपर्यंत रंग खरवडा, प्लसएवढ्याच जाडीची आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आतली नवी वायर घ्या, लग नीट दाबा, नट-बोल्ट आणि दातेरी वॉशरने कसा, वरून गंजरोधक लावा. परत मोजा. मायनस बाजूला ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं की काम पक्कं. ग्राहकाला दोन्ही आकडे दाखवा, आधीचा आणि नंतरचा. त्याचा नव्या बॅटरीचा खर्च वाचला, हे त्याला मीटरच सांगेल. असा ग्राहक तुमचं नाव स्वतःहून चार लोकांना सांगतो.

तक्रार ५: मेन फ्यूज सारखा उडतो

नियम एक: उडालेल्या फ्यूजपेक्षा मोठा फ्यूज लावून बघायचं नाही. चांदीची पट्टी, तार, खिळा तर अजिबात नाही.

मेन फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, आणि त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. शुद्ध तांब्याच्या ८ ते १० चौरस मिलिमीटरला सर्वसाधारणपणे ५०-६० अँपिअर, २१ ते २५ ला १०० च्या आसपास. मुलाम्याच्या वायरीला याहून कमी. ॲम्प्लिफायरवरचे फ्यूज मिळून ४० अँपिअर होत असतील, तर मेन फ्यूज ६० चा कशाला?

शोधायचं असं: ॲम्प्लिफायरकडची प्लस वायर काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब पेटला, म्हणजे वायर मध्येच कुठेतरी बॉडीला टेकलीये. आता वायर हलवत जा. इंजिनाकडून आत येते त्या भोकापाशी, दारातल्या पट्टीखाली, सीटच्या रुळापाशी. जिथे हलवल्यावर बल्ब लुकलुकतो, तिथे दोष. बल्ब मध्ये असल्यामुळे करंट मर्यादित राहतो, एकही फ्यूज वाया जात नाही. बल्ब पेटला नाही, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे.

भोकात रबरी ग्रोमेट नसेल तर घाला. पुढचा शॉर्ट तिथेच होणार असतो.

आणि इथेच तुमची परीक्षा असते. ग्राहक म्हणेल, "अरे भाऊ, फ्यूज काढून डायरेक्ट दे ना. आधीच्याने तसंच दिलं होतं, दोन वर्षं चाललं." शांतपणे सांगा: "काका, डायरेक्ट मी देत नाही. उद्या आत पोरं बसलेली असताना वायर घासली, तर तुम्हाला गाडी थांबवायलाही वेळ मिळणार नाही." तरीही ऐकलं नाही, तर ॲम्प्लिफायरची प्लस वायर बॅटरीपासून सोडवून गाडी परत द्या, तसं जॉब कार्डवर लिहा आणि सही घ्या. तेवढे पैसे गेले तर जाऊ देत.

तक्रार ६: सकाळी गाडी स्टार्ट होत नाही

रिमोट वायर कायमच्या प्लसला जोडलेली असते आणि ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो. तो नुसता बसल्या बसल्या एक अँपिअर घेत असेल, तर १२ तासांत १२ अँपिअर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची. एका रात्रीत एक तृतीयांश साफ.

मोजायचं असं: सगळं बंद करा, बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. नव्या गाड्यांचे कंप्युटर झोपायला वेळ घेतात. मग आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढा. आकडा खाली आला, की उत्तर मिळालं. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका. मीटरचा फ्यूज जाईल, कदाचित मीटरही.

डेकला रिमोटची वायरच नसेल तर फ्यूज बॉक्समधल्या चावीवर चालणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप लावून, एक अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या. कंपनीची मूळ वायर कापू नका. कपलर लावून केलेलं काम परत काढता येतं, आणि वॉरंटीवरून वाद झाला तर ग्राहकाला दाखवायला जागा राहते.

आपल्या किनाऱ्याची खास अडचण

अर्नाळ्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. तांब्यावर हिरवट थर चढतो, लग आतून कुजतो. म्हणून आपल्याकडे नुसती पिळून टेप मारलेली जोडणी टिकत नाही. लग क्रिम्प करा, वरून चिकट अस्तराची स्लीव्ह गरम करून बसवा. ॲम्प्लिफायर डिकीच्या तळाला ठेवू नका, पाणी आधी तिथेच साचतं. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार कसं पाण्यात होतं ते आठवा. पाण्यात उभी राहिलेली गाडी आली तर ॲम्प्लिफायर चालू करून बघण्याचा मोह टाळा. आधी बॅटरी सोडवा, मग उघडा, सुकवा, मग मोजा.

आता पैशाचं बोलू

"बघायचे किती घेणार?" या प्रश्नावर बरेच नवे उद्योजक लाजतात आणि "बघायचे काही नाही" म्हणतात. मग तास-दीड तास शोधून दोष सापडतो एका सैल स्क्रूमध्ये, आणि ग्राहक म्हणतो, "एक स्क्रू तर आवळला!" शोधणं हेच तुमचं कौशल्य आहे, त्याची किंमत वेगळी लावा.

किंमत कशी काढायची? उदाहरण म्हणून आकडे घेऊ, तुमचे तुम्ही भरा. भाडं, लाइट, फोन, हत्यारांची झीज आणि तुमचा स्वतःचा पगार मिळून महिन्याला ₹४०,०००. महिन्याचे २५ दिवस, दिवसाला ८ तास, म्हणजे २०० तास. पण सगळे तास काम नसतं. निम्मे धरा, १०० तास. म्हणजे तुमच्या एका तासाचा खर्चच ₹४०० आहे. पाऊण तासाच्या तपासणीचे ₹३०० घेतले तर तुम्ही फक्त बरोबरीत आलात. नफा त्याच्या वर.

ग्राहकाला असं सांगा: "तपासणीचे एवढे. दोष काय, तो मीटरवर दाखवतो. काम माझ्याकडे केलंत तर मजुरी आणि सामान आधी सांगून मगच हात लावतो." काम सुरू करण्याआधी जुन्या वायरिंगचे चार फोटो काढा. बिलावर वायरीची जाडी, फ्यूजचा अँपिअर आणि शेवटचे व्होल्ट लिहा. सहा महिन्यांनी तीच गाडी आली तर तुमच्याकडे तुलना तयार असेल. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती करून घ्या. एजंटला पैसे द्यायची गरज नाही.

गाडी परत देण्याआधी

— बॅटरीजवळ फ्यूज आहे, आकडा वायरीला जुळतोय.
— पत्र्यातल्या प्रत्येक भोकात ग्रोमेट आहे.
— मोठ्या आवाजात अर्थिंगवर ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी.
— चावी काढल्यावर ॲम्प्लिफायरचा दिवा विझतो.
— इंजिनाचा वेग वाढवून शिट्टी नाही.
— सीट पुढे-मागे सरकवून, दारं उघडून-मिटून आवाज तुटत नाही.
— पंधरा मिनिटं वाजवल्यावर फ्यूज होल्डर आणि लग हाताला गरम लागत नाहीत. गरम लागला, तर ती जोडणी कच्ची आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीवर करा, ॲम्प्लिफायर नसला तरी चालेल. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजा. मग इंजिन चालू करून मोजा, सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवं. मग हेडलाइट लावून बॅटरीचा मायनस आणि हेडलाइटचं अर्थिंग यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. तिन्ही आकडे वहीत तारीख घालून लिहा. अशा दहा गाड्या मोजून झाल्या की अकराव्या गाडीचा आकडा चुकीचा असेल तर तो तुमच्या लगेच लक्षात येईल.

पुढच्या धड्यात जॉब कार्ड कसं बनवायचं आणि "सामान मी आणतो, तू फक्त बसव" म्हणणाऱ्या ग्राहकाशी दर कसा ठरवायचा ते पाहू. तोपर्यंत मीटर हातात राहू द्या, आणि फ्यूजशिवाय एकही गाडी दुकानाबाहेर जाऊ देऊ नका.